टवाळी आणि टीका : संगणकभाषांच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

१. विषयप्रवेश

संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या ज्या भाषा आज प्रचारात आहेत, त्यांच्याविषयी त्या व्यवसायातील मंडळींत जे बोलले जाते त्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. एका भागात भाषेचे गुणदोष दाखविलेले असतात. दुसऱ्या भागात भाषेला हसलेले असते. ही दोन्ही बोलणी एकाच तोंडून, एकाच बैठकीत आणि पुष्कळदा एकाच वाक्यात निघत असल्यामुळे त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. कोबोल ही म्हाताऱ्यांची भाषा, पीएचपी ही अडाण्यांची भाषा, बेसिक शिकलेल्याचे डोके कायमचे बिघडते, जावास्क्रिप्ट ही तर थट्टाच आहे, अशी विधाने ऐकून पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी त्यांना ज्ञान समजतो व पुढे स्वतःही ती उच्चारू लागतो. अशी विधाने टीका आहेत की टवाळी, हे ठरवावयाचे कसे, आणि तसे ठरविण्याची गरज तरी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. मराठवाड्यासारख्या भागातील विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याला विशेष धार येते. बीड तालुक्यात मांजरसुंबा–केज मार्गावर नेकनूर हे बाजाराचे गाव आहे. तेथून बीडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या एखाद्या कंपनीत जाणाऱ्या तरुणाला भाषेवरून होणारी टवाळी दोनदा सोसावी लागण्याचा संभव असतो : प्रथम त्याच्या बोलीवरून, आणि नंतर तो शिकून आलेल्या संगणकभाषेवरून. दोन्ही प्रसंगी हसणारा मनुष्य आपण भाषेविषयी काही सांगत आहोत असे मानतो. प्रत्यक्षात त्याने काय सांगितलेले असते, हे आधी बोलीच्या उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. कारण ते उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक परिचयाचे आहे.

२. बोलीचा दाखला

बीड जिल्ह्यात ‘मी काम करतो आहे’ याऐवजी ‘मी काम करायलोय’ असे म्हणतात. ‘माझे’ व ‘तुझे’ या रूपांऐवजी ‘मपलं’ व ‘तुपलं’ ही रूपे ऐकू येतात. शहरात या रूपांना हसू येते. परंतु या हसण्यातून रूपांच्या रचनेविषयी काहीच कळत नाही. जेवायलोय, बोलायलोय, वाचायलोय या रूपांत एक नियम आहे. तो धातुमात्रास लागतो, आणि बोलणाऱ्याकडून तो सहसा चुकत नाही. ‘मपलं, तुपलं, आपलं’ ही मालिका तर एकाच साच्यातली आहे. उलट ‘माझे, तुझे, आपले’ या प्रमाणभाषेतील मालिकेत तिसरे रूप पहिल्या दोहोंपासून फुटून निघते. नियमबद्धता हीच कसोटी धरली, तर येथे बोलीचेच पारडे जड ठरेल.

याच बोलीवर रास्त टीकाही संभवते. कायद्याच्या मसुद्यात किंवा दूरच्या जिल्ह्यांत वाटावयाच्या औषधाच्या सूचनेत ही रूपे घातल्यास कोकणातील वाचक अडखळेल, असे कोणी म्हटले तर ते विधान तपासता येते. त्यात प्रयोजन सांगितलेले आहे, अडचण कोणाची ते सांगितलेले आहे, आणि उपायही सूचित आहे. हसण्यात यांपैकी काहीच नाही. त्यात एकच गोष्ट सांगितलेली असते, ती ही की बोलणारा कोठून आला हे ऐकणाऱ्याने ओळखले आहे.

इतिहासाचे भान असते तर हे हसणे बहुधा थांबले असते. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो, आणि मुकुंदराजांची समाधी नेकनूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईस आहे. पुढे हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतून होत असे. या बोलीत जे शब्द परके वाटतात, त्यांपैकी पुष्कळांच्या मागे हा इतिहास आहे. एखादे रूप अस्तित्वात का आले, हे शोधणे टीकेचे पहिले काम असते. टवाळीला त्याची गरजच भासत नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आहे. ‘निबंधमाले’त त्यांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची व शुद्धलेखनाची यथेच्छ खिल्ली उडविली. चिपळूणकरांची भाषा समर्थ होती आणि त्यांनी दाखविलेल्या काही चुका संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने चुकाच होत्या. परंतु १८७३ च्या ‘गुलामगिरी’त फुल्यांनी समाजरचनेविषयी जो आरोप मांडला होता, तो खरा की खोटा, याचा निर्णय विभक्तिप्रत्ययांवरून होणे शक्य नव्हते. वाचक हसले, आणि आरोप होता तेथेच राहिला. टवाळीचा हा स्वभाव पुढील विवेचनात पदोपदी आढळेल : ती ज्या ठिकाणी बोट ठेवते ते ठिकाण आणि खरा प्रश्न ज्या ठिकाणी असतो ते ठिकाण क्वचितच एक असते.

३. ‘टीका’ या शब्दाचा अर्थ

आज ‘टीका’ म्हणजे दोष काढणे असा अर्थ रूढ झाला आहे. मूळ अर्थ वेगळा आहे. ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणारा ग्रंथ म्हणजे टीका. ‘ज्ञानेश्वरी’ ही गीतेवरील टीका होय, असे म्हणताना गीतेचे दोष काढले आहेत असे कोणी समजत नाही. वारकरी परंपरेत बंकटस्वामींमुळे परिचित असलेल्या नेकनूरसारख्या गावात हा जुना अर्थ कीर्तन-निरूपणामुळे अजून जिवंत आहे. टीकाकाराला मूळ ग्रंथ त्याच्या प्रयोजनासह ठाऊक असावा लागतो, हे या अर्थात गृहीत आहे. दोष दाखवावयाचा झाला तरी तो अर्थ उलगडल्यानंतरच दाखविता येतो.

न्यायशास्त्राने या बाबतीत अधिक काटेकोर भेद केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या साहाय्याने पक्ष-प्रतिपक्ष मांडून केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ विजयासाठी, छलादी साधनांचाही आश्रय करून केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे फक्त खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. संगणकभाषांविषयीच्या चर्चेला ही विभागणी चपखल बसते. ‘अमुक कामासाठी अमुक भाषा या कारणाने उणी पडते, आणि तमुक भाषेत ती उणीव अशी भरून निघते, तिची किंमत मात्र ही’, असे म्हणणारा वादात आहे. सर्व भाषांना हसणारा आणि आपण स्वतः कोणती भाषा, कोणत्या कामासाठी, का वापरतो हे कधीच न सांगणारा वितंडेत आहे.

छलाचेही उदाहरण हाताशी आहे. ‘पायथॉन मंद आहे’ हे वाक्य घ्यावे. लाखो वेळा फिरणारे आवर्तन शुद्ध पायथॉनमध्ये लिहिले, तर ते सीमधील तशाच आवर्तनाहून पुष्कळ मंद चालते, हे खरे. पण ‘नमपाय’सारख्या संग्रहातील मोठ्या आकडेमोडीचे काम आतून सीमध्ये लिहिलेल्या भागांकडून होते, तेथे पायथॉन केवळ हुकूम देणारी असते. पहिल्या ठिकाणी खरे असलेले विधान दुसऱ्या ठिकाणी लावून हशा मिळविणे, हा सामान्यछलाचाच प्रकार होय.

४. एकच लेखक, दोन रीती

टवाळी व टीका यांतील भेद व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून नसून लेखनाच्या रीतीवर असतो, हे एका थोर संगणकशास्त्रज्ञाच्या दोन लेखांवरून दिसून येते. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी मार्च १९६८ मध्ये ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केले. त्याचे गाजलेले शीर्षक संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिलेले होते. पत्रातील युक्तिवाद असा : माणसाची बुद्धी स्थिर संबंध समजून घेण्यास समर्थ आहे, परंतु काळाच्या ओघात बदलत जाणाऱ्या प्रक्रियेचे चित्र मनात धरण्यास ती दुबळी आहे. म्हणून कागदावरचा स्थिर प्रोग्रॅम आणि यंत्रात घडणारी चल प्रक्रिया यांतील अंतर जितके कमी तितके बरे. ‘गो टू’ने कोठूनही कोठेही उडी घेता येत असल्यामुळे, प्रक्रिया एका विशिष्ट क्षणी कोठवर आली आहे हे सांगण्याचे साधनच उरत नाही.

या युक्तिवादाला उत्तर देता येत होते, आणि ते दिले गेले. १९७४ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी एका दीर्घ लेखात ‘गो टू’ काढून टाकल्याने प्रोग्रॅम सुबोध होतो अशी उदाहरणे आणि ठेवल्याने तो अधिक सुटसुटीत व वेगवान होतो अशीही उदाहरणे मांडली. आवर्तनातून मधूनच बाहेर पडणे, चूक आढळताच काम थांबविणे, अशा नेमक्या गरजांसाठी पुढील भाषांत स्वतंत्र रचना रूढ झाल्या. आज बहुसंख्य प्रोग्रॅमर ‘गो टू’ न लिहिता काम करतात आणि जेथे ती उपयोगी पडते तेथे ती का पडते हेही सांगू शकतात. एका टीकेने एका पिढीची लेखनपद्धती बदलली.

त्याच डाइक्स्ट्रांनी जून १९७५ मध्ये कटू सत्ये सांगण्याविषयी एक टिपण लिहिले. त्यात फोरट्रानला बाळपणीच्या आजाराची आणि पीएल-वनला जीवघेण्या रोगाची उपमा आहे. कोबोलमुळे बुद्धी पंगू होते, तिचे अध्यापन गुन्हा मानावे, आणि बेसिक शिकून आलेल्या विद्यार्थ्यास चांगले प्रोग्रॅमिंग शिकविणे जवळजवळ अशक्य आहे, असा त्यातील आशय आहे. अप्रिय सत्य दडपणे हा अप्रामाणिकपणा होय, ही त्या टिपणामागील भूमिका प्रामाणिक होती. परंतु त्यातील वाक्यांना उत्तर देता येत नाही, कारण त्यांत कारणच दिलेले नाही. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ यांनी बेसिक निर्माण केली ती विज्ञानेतर शाखांतील विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा म्हणून. ती उद्दिष्टाला पुरी पडली की नाही, याचा टिपणात विचार नाही. शिवाय वाक्याचा रोख भाषेवरून विद्यार्थ्यावर घसरला आहे : बिघडलेली वस्तू आता भाषा नसून शिकणारा मुलगा आहे. पुढे लिनक्सचा गाभा लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स यांची सुरुवात लहानपणी बेसिकनेच झाली होती.

१९६८ च्या पत्राने भाषा बदलल्या. १९७५ च्या टिपणातील वाक्ये आज पन्नास वर्षांनंतरही केवळ हशासाठी सांगितली जातात. लेखक तोच, बुद्धी तीच, विषयही जवळजवळ तोच. फरक पडला तो विधानात कारण असण्या-नसण्याचा.

५. दोष नेमका कोठे आहे ?

टवाळीचा सर्वांत मोठा दोष तिच्या कठोरपणात नाही. ती दोषाचा पत्ता चुकविते, यात आहे. संगणकभाषेच्या वापरात जेव्हा काही बिघडते, तेव्हा दोष भाषेच्या व्याख्येत असेल, तिच्या विशिष्ट कंपायलरमध्ये असेल, यंत्राच्या अंकगणितात असेल, प्रोग्रॅम लिहिताना केलेल्या काटकसरीत असेल किंवा शिकविण्याच्या पद्धतीत असेल. ही पाच स्थाने निराळी आहेत.

पहिले उदाहरण भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांशी निगडित आहे. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये टर्बो सी आणि १९९० मध्ये टर्बो सी++ बाजारात आणली. ही साधने डॉस प्रणालीसाठी होती. मूळ कंपनीने त्यांचा विकास थांबविल्यानंतरही त्या प्रयोगशाळांत ती दीर्घकाळ वापरली गेली. त्यांत साधी पूर्णांक संख्या सोळा बिटांत साठविली जाते, म्हणून तिची कमाल मर्यादा ३२,७६७ इतकी असते. नेकनूरच्या आठवडी बाजारातील व्यवहारांची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम कल्पावा. बैलजोडीची किंमत ६०,००० रुपये अशा चलात घातली, तर ती उणे ५,५३६ अशी छापली जाईल. कारण ६०,००० मधून ६५,५३६ वजा होतात. विद्यार्थी गोंधळतो, आणि ‘सी ही भाषाच भंगार’ असा शेरा कानांवर पडतो. वस्तुतः १९८९ च्या प्रमाणित सीने पूर्णांकाला किमान सोळा बिट एवढीच अट घातली आहे. आजचे सामान्य कंपायलर बत्तीस बिट वापरतात आणि तेथे मर्यादा २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जाते. सोळा बिटांवरही मोठ्या पूर्णांकाचा वेगळा प्रकार उपलब्ध होताच. येथे भाषेवर करण्याजोगी रास्त टीका अशी की, संख्येची मर्यादा यंत्रागणिक बदलू देणे आणि ती ओलांडली असता सूचना न देणे, हा सीच्या रचनेतील महागडा निर्णय आहे. साधनावरील टीका अशी की ते कालबाह्य आहे. अध्यापनावरील टीका अशी की मर्यादेची गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगावयास हवी होती. तिन्ही टीका रास्त आहेत, आणि त्यांपैकी एकीचाही विषय विद्यार्थी नाही.

दुसरे उदाहरण जावास्क्रिप्टचे. या भाषेत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, हे दाखवून पुष्कळ हशा मिळविला जातो. परंतु तीच बेरीज पायथॉन, जावा व सी यांतही दुहेरी अचूकतेच्या संख्या घेतल्यास तितकीच येते. याचे कारण १९८५ मध्ये प्रमाणित झालेली द्विमान अपूर्णांकांची पद्धती होय. दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या जशी सांत लिहिता येत नाही, तशी द्विमान पद्धतीत एक दशांश लिहिता येत नाही. हसणाऱ्याने येथे जावास्क्रिप्टला हसून स्वतःच्या भाषेतील अंकगणित आपणास ठाऊक नसल्याचे सिद्ध केले. जावास्क्रिप्टचे खरे दोष दुसरीकडे आहेत. अक्षररूप ‘५’ मध्ये १ मिळविला असता ‘५१’ येते आणि त्याच अक्षररूप ‘५’ मधून १ वजा केला असता ४ येतात. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी या भाषेचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केले, त्या घाईच्या खुणा अशा ठिकाणी दिसतात. आधीची संकेतस्थळे मोडू नयेत म्हणून हे नियम आता बदलता येत नाहीत, एवढे ध्यानात घेऊन २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट पुढे आली व तिने अशा पुष्कळ चुका प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच पकडण्याची सोय केली.

तिसरे उदाहरण कोबोलचे. ही भाषा घडविणाऱ्या समितीच्या दिरंगाईस कंटाळून हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी १९६० मध्ये कोबोलच्या नावाचा एक थडग्याचा दगडच करवून समितीशी संबंधित अधिकाऱ्याकडे पाठविला. भाषा जन्मण्यापूर्वीच तिचे थडगे तयार होते. तरीही एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना जुन्या यंत्रणा सांभाळण्यासाठी कोबोल जाणणारे लोक हवेत, असे जाहीर करावे लागले. दोन हजार सालच्या प्रश्नाचे खापरही कोबोलच्या माथी फोडण्यात आले. वस्तुतः वर्ष दोन अंकांत लिहिण्याची प्रथा ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रांतील व महागड्या स्मृतिसंचयातील काटकसरीतून आली होती, आणि कोबोलमध्ये चार अंकी वर्ष लिहिण्यास कोणताही प्रतिबंध नव्हता. ज्या भाषेला थडग्यात घातले गेले, तिचेच जुने प्रोग्रॅम तपासण्याच्या कामाने १९९० नंतरच्या दशकात भारतातील संगणक-कंपन्यांना मोठा व्यवसाय मिळवून दिला.

६. रास्त टीकेचे नमुने

रास्त टीका मवाळ असते, असा समज होऊ नये. ब्रायन कर्निगन यांनी १९८१ मध्ये पास्कल आपली आवडती भाषा का नाही, या विषयावर एक निबंध लिहिला. तो कठोर आहे. पण लेखकाने त्यापूर्वी प्लॉगर यांच्यासह एका संपूर्ण पुस्तकातील प्रोग्रॅम पास्कलमध्ये पुन्हा लिहून पाहिले होते. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, पास्कलमध्ये रांगेची लांबी ही तिच्या प्रकाराचाच भाग असल्यामुळे दहा घटकांची रांग लावण्यासाठी लिहिलेली कृती वीस घटकांच्या रांगेला चालत नाही. परिणामी सर्वांना उपयोगी पडेल असा कृतिसंग्रह करता येत नाही. पास्कल शिकविण्यासाठी निर्माण झाली होती आणि त्या कामी ती योग्य असू शकेल, हेही त्यांनी मान्य केले. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात रांगांविषयीच्या या अडचणीवर वैकल्पिक तोडगा समाविष्ट झाला. टीकेचे फळ असे मोजता येते.

पीएचपीचे उदाहरणही असेच आहे. शून्य ही संख्या आणि कोणताही अंक नसलेला अक्षरसमूह यांची सैल तुलना केली असता त्या भाषेत दोन्ही समान ठरत. या एका नियमामुळे सुरक्षिततेच्या तपासण्या फसू शकत. हे विधान तपासता येण्याजोगे होते. म्हणून त्यावर विचार झाला आणि २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत हा नियम बदलला. ‘पीएचपी अडाण्यांची भाषा’ या विधानावर मात्र कोणती दुरुस्ती करणार? २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती पीएचपीतच लिहिलेली आहे. त्या शेऱ्याला हे वास्तवही पेलत नाही.

सीवरील आजची टीका आकड्यांच्या आधारे होते, हे विशेष. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या उत्पादनांतील सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या असुरक्षित वापरातून उद्भवतात असे सांगितले. क्रोमियमच्या चमूने २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षादोषांविषयी जवळपास तेच प्रमाण दिले. दोहोंचा रोख सी व सी++ या भाषांकडे होता. इतकी तीक्ष्ण टीका कोणत्याही टवाळखोराने केलेली नाही. तिच्यामुळे रस्टसारख्या पर्यायी भाषेचा गंभीरपणे विचार झाला, आणि २०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात तिला प्रवेश मिळाला. अर्थात् रस्ट शिकण्यास कठीण आहे व जुना प्रोग्रॅम तिच्यात नव्याने लिहिणे खर्चिक आहे, ही किंमतही रास्त टीकाकार सांगतो.

आत्मटीकेचा नमुना टोनी होअर यांचा. १९६५ मध्ये अल्गोल-डब्ल्यू या भाषेची रचना करताना त्यांनी ‘नल’ संदर्भाची, म्हणजे कशाचाच निर्देश न करणाऱ्या संदर्भाची, सोय ठेवली. कारण ती करणे सोपे होते. २००९ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी या निर्णयाचा उल्लेख अब्ज डॉलरची चूक म्हणून केला. ज्याने दोष निर्माण केला त्यानेच त्याचे कारण व किंमत सांगितल्यामुळे पुढील भाषाकारांना तो टाळण्याची दिशा मिळाली.

७. हास्याचे स्थान

यावरून हास्य वर्ज्य ठरत नाही. १९७२ मध्ये वुड्स व लायन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची एक विडंबनभाषा रचली. तीत आज्ञा देताना ‘कृपया’ हा शब्द पुरेसा आला नाही तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो, आणि फार वेळा आला तर लाळघोटा म्हणूनही नाकारला जातो. तत्कालीन भाषांची अंगे बारकाईने पाहिल्यावाचून असे विडंबन साधत नाही. मराठीत केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहाचे हेच वैशिष्ट्य : ज्या कवितेचे विडंबन करावयाचे तिचे छंद, शब्दकळा व लकबी कवीला पुऱ्या अवगत होत्या. विडंबनाला ज्ञान लागते. टवाळीला श्रोते पुरतात. शिवाय स्वतः रोज वापरीत असलेल्या भाषेची थट्टा करणे आणि नवशिक्याच्या हातातील भाषेची थट्टा करणे, यांत मोठे अंतर आहे. पहिलीत थट्टा करणारा स्वतःही सापडलेला असतो.

८. अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष

वरील विवेचनावरून एक साधी परीक्षा हाती येते. कोणतेही तीव्र विधान ऐकले की त्यातील हशा वजा करावा आणि मागे तपासण्याजोगे काही उरते का ते पाहावे. उरले तर त्याला चार प्रश्न विचारावेत : भाषेची कोणती आवृत्ती व कोणता कंपायलर अभिप्रेत आहे? कोणत्या कामासाठी ती उणी पडते? दोष भाषेचा, साधनाचा की शिकवणीचा? आणि सुचविलेल्या पर्यायाची किंमत काय? पदव्युत्तर चर्चासत्रात अशी प्रचलित दहा विधाने विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांचे तपासण्याजोग्या विधानांत रूपांतर करावयास सांगितले, तर भाषाविचाराचा तो उत्तम स्वाध्याय ठरेल. काही विधानांतून मौलिक टीका निघेल. काहींतून काहीच निघणार नाही. कोणत्या विधानांतून काही निघाले नाही, हे पाहणेही तितकेच बोधप्रद होईल.

या परीक्षेची गरज सर्वाधिक कोणाला आहे, हेही स्पष्ट केले पाहिजे. अनुभवी प्रोग्रॅमर टवाळी ऐकून सोडून देतो. त्याला दुसऱ्या चार भाषा येत असतात. जो एकच भाषा, जुन्या साधनावर, मोजक्या तासांत शिकून आला आहे, त्याच्यावर तिचा परिणाम निराळा होतो. तो प्रश्न विचारणे थांबवितो. ‘बैलजोडीची किंमत उणे का आली?’ हा प्रश्न संगणकशास्त्रातील एका मूलभूत विषयाचे दार आहे. परंतु तो विचारला तर आपले साधन, आपले महाविद्यालय आणि शेवटी आपली बोली उघडी पडेल या भीतीने तो मनातच राहतो. शिक्षकाने अशा वेळी साधन कालबाह्य आहे हे निःसंकोच सांगावे, त्याच्या मर्यादेचे कारण फळ्यावर मांडावे आणि आजचा कंपायलर विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. त्याच बैठकीत सोळा बिट व बत्तीस बिट यांवर तोच प्रोग्रॅम चालवून दाखविला, तर नेकनूरहून आलेला विद्यार्थी सीवरील रास्त टीका स्वतःच्या शब्दांत करू शकेल. आणि ती त्याने ‘मपल्या’ बोलीत केली, तरी तिचे प्रामाण्य तिळमात्र उणे होणार नाही.